‘गिअरबॉक्स गेला’ असे ठरवण्यापूर्वी: जुन्या ऑटोमॅटिक गाडीतील गिअरबदलाचा दोष कसा शोधावा

दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली ऑटोमॅटिक गाडी एके दिवशी सिग्नलवरून निघताना झटका मारते, किंवा दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन नुसतेच रेस होते आणि गाडी मात्र वेग धरत नाही. अशा वेळी बहुतेक गॅरेजांत निदान दोन मिनिटांत होते: ‘गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल.’ हे निदान काही वेळा खरेही असते. पण ते सांगणाऱ्याने तेलाची पातळी पाहिलेली नसते, स्कॅनर लावलेला नसतो, आणि पुष्कळदा गाडी स्वतः चालवूनही पाहिलेली नसते. गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या बराच जवळ जाऊ शकतो, त्यामुळे तपासणीचा क्रम बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे असाच ठेवणे शहाणपणाचे ठरते. पुढे तो क्रम दिला आहे. त्यातील निम्म्याहून अधिक तपासण्या गाडीमालकाला घरी करता येतात. उरलेल्या मेकॅनिककडून करून घेताना त्याने काय पाहायला हवे, हे ठाऊक असले की पुरते.

गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे?

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. येथील विवेचन टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग) असलेल्या, चार किंवा पाच गिअरच्या पारंपरिक गिअरबॉक्सबद्दल आहे. २००० ते २०१२ या काळात भारतात विकल्या गेलेल्या कोरोला, व्हर्ना, सिटी अशा पुष्कळ गाड्यांत तो सापडतो. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत आणलेला एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स असून क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम त्यात यंत्रणा करते, त्यामुळे त्याचे दोष क्लचप्लेटचे आणि त्या यंत्रणेचे, म्हणजे ॲक्च्युएटरचे असतात. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसून पुल्यांवर फिरणारा पट्टा असतो. डीएसजीसारख्या प्रकारात दोन क्लच असतात. गाडीचे नाव एकच असले म्हणून आतले यंत्र तेच असेल असे नाही: होंडा सिटीच्या २००८ पूर्वीच्या पिढीत ऑटोमॅटिक म्हणजे सीव्हीटी होता, २००८च्या पिढीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला आणि २०१४ पासून पेट्रोल सिटी पुन्हा सीव्हीटीवर गेली. म्हणून मालकाची पुस्तिका काढून प्रकार नक्की करावा. तेल कोणते घालायचे हेही त्यावरच ठरते.

तक्रार शब्दांत मांडावी

मेकॅनिकसमोर ‘गाडी जर्क मारते’ एवढेच म्हणणे म्हणजे डॉक्टरांपुढे ‘बरे वाटत नाही’ म्हणण्यासारखे आहे. दोन-तीन दिवस गाडी चालवताना एका वहीत नोंद ठेवावी: दोष सकाळी गाडी थंड असताना जाणवतो की अर्ध्या तासानंतर, कोणत्या गिअरबदलाला, किती वेगाला, ॲक्सिलरेटर हलका असताना की दाबलेला असताना, सपाट रस्त्यावर की चढावर.

लक्षणांची नावेही एकमेकांत मिसळू नयेत. डी (पुढे) किंवा आर (मागे) निवडल्यावर गाडीने जोर धरायला दोन-तीन सेकंद घेणे म्हणजे विलंब. गिअर बदलताना टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवणारा काटा क्षणभर वर उसळून मग खाली येणे म्हणजे दोन गिअरांमधली घसरण. गिअरमध्ये असूनही आरपीएम चढत राहणे आणि वेग न वाढणे ही सलग घसरण, आणि ती जास्त गंभीर. धक्का देऊन गिअर पडणे हा वेगळा दोष आहे आणि त्याचे मूळ पुष्कळदा झिजेत नसून तेलाच्या दाबाच्या नियंत्रणात असते. साठ ते ऐंशीच्या वेगाला, हलक्या ॲक्सिलरेटरवर, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून चाके जावीत तशी थरथर जाणवली, तर संशय टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉकअप क्लचवर (स्थिर वेगाला इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचवर) जातो. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली असेल आणि डॅशबोर्डवर डी किंवा ओ/डी (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा गिअर) ऑफचा दिवा लुकलुकत असेल, तर संगणकाने स्वतःहून आपत्कालीन अवस्था पत्करली आहे, असे समजावे. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती अवस्था तात्पुरती जातेही. पण तेवढ्याने दोष गेला असे होत नाही.

याच वहीत आणखी एक प्रश्न लिहावा: त्रास सुरू होण्याच्या महिनाभर आधी गाडीवर कोणते काम झाले होते? बॅटरी बदलली असेल, तर संगणकाने शिकलेले दाबाचे हिशेब पुसले जाऊन काही दिवस गिअर ओबडधोबड पडू शकतात. रेडिएटर बदलला असेल, तर पुष्कळ गाड्यांत त्यातून जाणाऱ्या गिअरबॉक्सच्या तेलाच्या नळ्या सोडल्या गेल्या असणारच. गाडी साचलेल्या पाण्यातून काढली असेल, तर ती नोंद सर्वांत वर असावी.

दोष गिअरबॉक्सच्या बाहेर तर नाही ना?

गिअर केव्हा बदलायचा, हे संगणक इंजिनाचा भार, वेग, ॲक्सिलरेटरची स्थिती आणि तापमान यांवरून ठरवतो. यांतील एखादी माहिती चुकीची पोहोचली, तर निरोगी गिअरबॉक्सही चुकीचा वागतो.

सर्वांत पाहण्यासारखे उदाहरण थर्मोस्टॅटचे आहे. ‘गाडी हीट होते’ अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून फेकून देणे हा आपल्याकडच्या गॅरेजांचा जुना उपाय. साधारण ८० अंशांच्या आसपास उघडणारा हा वॉल्व्ह नसला की पावसाळ्यात किंवा थंडीच्या सकाळी हायवेवर इंजिन नीट तापतच नाही, आणि कूलंट ठरावीक तापमानाला येईपर्यंत अनेक गाड्यांचा संगणक सर्वांत वरचा गिअर आणि लॉकअप दोन्ही देत नाही. गाडी ऐंशीला नेहमीपेक्षा पाच-सातशे आरपीएम जास्त फिरवत राहते, मायलेज घसरते आणि मालकाला सांगितले जाते की चौथा गिअर गेला. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत हेच घडले होते. गिअरबॉक्स उघडण्याची तारीखसुद्धा ठरली होती. शेवटी नवा थर्मोस्टॅट आणि ताजे कूलंट एवढ्यावर चौथा गिअर परत आला. त्यामुळे तापमानाचा काटा मध्यापर्यंत येतो की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इंजिनाची माउंटिंग, म्हणजे त्याला धरून ठेवणारे रबरी आधार, दुसऱ्या क्रमांकावर. रबर फाटलेले असेल, तर गिअर मऊ पडला तरी इंजिन उसळून धक्का देते. बॉनेट उघडून, ब्रेक घट्ट दाबून, कोणीतरी डी आणि आर आलटून पालटून निवडावे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती हलते ते पाहावे. गाडीच्या समोर मात्र कोणी उभे राहू नये. इंजिन बोटभर सरकणे वेगळे आणि उसळी मारणे वेगळे, हे नजरेला लगेच कळते.

मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) आणि लॉकअपची थरथर यांत तर चांगले मेकॅनिकही फसतात. जुना स्पार्क प्लग किंवा दमलेली इग्निशन कॉइल भार वाढला की गचके देते, चढावर ते वाढतात आणि कोणत्याही गिअरमध्ये जाणवतात. लॉकअपची थरथर बहुधा वरच्या गिअरमध्ये, स्थिर वेगाला येते. दोन्हींतला फरक पडताळण्याची साधी युक्ती पुढे रस्त्यावरच्या चाचणीत दिली आहे. याखेरीज बॅटरीचे टर्मिनल, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या अर्थच्या पट्ट्या, ब्रेकलाइटचा स्विच आणि घाण झालेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) एवढे पाहून घ्यावे. आणखी जुन्या गाड्यांत थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी वेगळी केबल असते. ती जास्त ताणलेली असेल तर गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात, सैल असेल तर लवकर पडून घसरतात.

तेल: पातळी, रंग, वास आणि जात

इंजिन ऑइल मुख्यतः वंगणाचे काम करते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल त्याखेरीज क्लच दाबते, टॉर्क कन्व्हर्टरमधून शक्ती पोहोचवते, उष्णता वाहून नेते आणि क्लचच्या कागदी अस्तरांना नेमके घर्षणही देते. यामुळे अर्धा लिटर तेल कमी असले तरी पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि घसरण सुरू होते. गाडी वळणावर किंवा चढावर असताना हे विशेष जाणवते. तेल जास्त भरले असेल तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसही हवाच असल्यामुळे लक्षणे जवळपास सारखीच दिसतात.

पातळी मोजण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. टोयोटाच्या डिपस्टिक असलेल्या जुन्या गाड्यांत गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून, सपाट जागी उभी करून, ब्रेक दाबून लिव्हर सर्व स्थितींमधून एकदा फिरवून पी मध्ये आणायचा आणि इंजिन आयडलिंगवर चालू असतानाच डिपस्टिक पाहायची. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत याच्या उलट आहे: इंजिन नीट तापवून बंद करायचे आणि साधारण एक ते दीड मिनिटाच्या आत पातळी पाहायची. एका कंपनीची रीत दुसऱ्या कंपनीच्या गाडीला लावली, की पातळी योग्य असूनही चुकीची दिसते आणि मग तेल नाहक भरले किंवा काढले जाते. काही गाड्यांत डिपस्टिक नसतेच. तेथे ठरावीक तापमानाला खालचा पातळीचा नट सोडून तपासावे लागते. ते काम रॅम्पवर आणि तापमान वाचणाऱ्या स्कॅनरसहच करून घ्यावे.

पातळी कमी निघाली, तर तेल गळाले आहे असाच अर्थ घ्यावा. चेंबरचे (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पात्राचे) गॅस्केट, दोन्ही ॲक्सलचे ऑइल सील, कूलरच्या नळ्या आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातले पंपाचे सील या चार जागा पुठ्ठा अंथरून रात्रभर तपासाव्यात.

रंग पाहण्यासाठी डिपस्टिक पांढऱ्या टिश्यूवर टेकवावी. नवे तेल बहुधा लाल असते. वापराने ते तपकिरी होणे स्वाभाविक आहे आणि निव्वळ रंगावरून घाबरू नये. रंगाबरोबर जळका, उग्र वास आणि काळे कण असतील, तर मात्र क्लचची अस्तरे जळाली आहेत. तेल गुलाबी मिल्कशेकसारखे दुधाळ दिसले, तर गाडी त्याच क्षणी बंद करावी. त्यात पाणी किंवा कूलंट गेले आहे. गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर पुष्कळ गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. तो आतून फुटला की कूलंट तेलात शिरते, अस्तरे ते शोषून घेतात आणि त्यांचा चिकटपदार्थ सुटू लागतो. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत गिअरबॉक्सच्या हवा जाण्यायेण्याच्या नळीवाटे पाणी जाऊन असाच रंग येतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत किती गाड्या नुसत्या धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जुनी गाडी घेताना म्हणूनच हे तेल पाहावे.

तेलाची जात हा वेगळा प्रश्न आहे. गॅरेजमध्ये ‘एटीएफ’ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) म्हणून एकच डबा असतो आणि तो पॉवर स्टिअरिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळीकडे ओतला जातो. टोयोटाच्या जुन्या गिअरबॉक्सना टी-फोर लागते आणि नंतरच्यांना डब्ल्यूएस. ही दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. होंडाचे झेड-वन जाऊन डीडब्ल्यू-वन आले आणि ते जुन्या गाड्यांनाही चालते. ह्युंदाईच्या चार गिअरच्या गाड्यांना एसपी-थ्री सांगितलेले आहे. घर्षणाचे गुणधर्म चुकले, की थरथर आणि कठोर गिअरबदल हमखास. डब्यावरील ‘सर्व गाड्यांसाठी’ या शब्दांपेक्षा पुस्तिकेतील नाव प्रमाण मानावे.

जुन्या गाडीचे तेल बदलावे की नाही, यावर गॅरेजांत दोन तट आहेत. ‘नवे तेल घातले आणि गिअरबॉक्स बसला’ ही गोष्ट बहुधा अशा गाडीची असते जिची अस्तरे आधीच संपलेली होती आणि मालक शेवटचा उपाय म्हणून तेल बदलायला आला होता. घसरण नसेल, तेल जळालेले नसेल आणि तक्रार फक्त कठोर किंवा उशिरा पडणाऱ्या गिअरची असेल, तर तेल बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र यंत्राने जोर लावून केलेले फ्लशिंग जुन्या गाडीला नको. साठलेला गाळ सुटून वॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब त्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकण्याची भीती असते. नट सोडून निघेल तेवढेच काढावे आणि तेवढेच मोजून भरावे. एका खेपेत बहुधा निम्म्याच्या आसपास तेल निघते, कारण उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. सहा लिटरांपैकी तीन निघाले, असे धरले तर पहिल्या खेपेनंतर ५० टक्के, दुसरीनंतर ७५ आणि तिसरीनंतर साधारण ८७ टक्के तेल नवे होते. प्रत्येक खेपेमध्ये काहीशे किलोमीटर गाडी चालवावी. फिल्टर चेंबरमध्ये असेल, तर पहिल्याच खेपेला चेंबर उघडून तो बदलावा.

लिव्हरची केबल आणि रेंज स्विच

ही तपासणी दहा मिनिटांची आहे. जुन्या गाडीत लिव्हरच्या केबलच्या टोकाचे प्लास्टिकचे बुश झिजते आणि डॅशबोर्डवर डी दिसत असताना गिअरबॉक्सवरचा दांडा दोन स्थितींच्या मध्ये राहतो. मग दाब अर्धवट पोहोचतो आणि घसरण होते. गाडी फक्त पी आणि एन मध्येच स्टार्ट होते का, आर मध्ये मागचा पांढरा दिवा प्रत्येक वेळी लागतो का, आणि लिव्हर डी मध्ये असताना किंचित मागेपुढे हलवल्याने वागणूक बदलते का, एवढे पाहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर केबलचे ॲडजस्टमेंट किंवा रेंज स्विच (लिव्हर कोणत्या स्थितीत आहे ते संगणकाला सांगणारा) हाच संशयित.

स्कॅनर काय सांगतो

डॅशबोर्डखाली १६ पिनांचा सॉकेट असतो. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतो, पण गिअरबॉक्सच्या संगणकापर्यंत पोहोचेलच असे नाही. पी०७०० एवढाच कोड दिसला, तर त्याचा अर्थ ‘गिअरबॉक्सच्या संगणकात तक्रार आहे, तेथे जाऊन वाचा’ इतकाच होतो, आणि तो वाचायला मोठा स्कॅनर लागतो. पी०७०५ रेंज स्विचचा, पी०७१० तेलाच्या तापमान सेन्सरचा, पी०७१५ टर्बाइनच्या (आत येणाऱ्या शाफ्टच्या) गतीच्या आणि पी०७२० बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या गतीच्या सेन्सरचा. या गटातले दोष बहुधा गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होतात. पी०७५०, ०७५५, ०७६० ही मालिका सोलेनॉइडच्या (तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेच्या) सर्किटची असून तेथे सोलेनॉइड, वायर आणि कनेक्टर तिन्ही तपासावे लागतात. पी०७४१ म्हणजे लॉकअप क्लच सांगितल्याप्रमाणे धरत नाही. पी०७३० आणि त्याच्या पुढचे ०७३१, ०७३२ असे कोड मात्र जपून वाचावेत: संगणकाने मोजलेला गतीचा हिशेब त्या गिअरशी जुळत नाही, म्हणजे एक तर प्रत्यक्ष घसरण आहे किंवा गतीचा सेन्सर खोटे बोलत आहे.

कोड पुसण्यापूर्वी त्यांचा आणि फ्रीझ फ्रेम या नोंदीचा फोटो काढून ठेवावा. दोष आला त्या क्षणी वेग, तापमान आणि आरपीएम किती होते ते तेथे लिहिलेले असते आणि आपल्या वहीतील नोंदींशी ते ताडून पाहता येते. कोड नसणे याचा अर्थ दोष नसणे असा होत नाही. झिजलेले सील किंवा अडकलेला वॉल्व्ह पुष्कळ काळ कोणताही कोड न देता त्रास देऊ शकतो.

रस्त्यावरची चाचणी

शक्यतो मेकॅनिकला शेजारी बसवून, गाडी थंड असताना निघावे आणि पूर्ण तापल्यावरही तोच रस्ता पुन्हा फिरावा. हलक्या ॲक्सिलरेटरवर पहिल्यापासून वरच्या गिअरपर्यंतचा प्रत्येक बदल मोजावा. चार गिअरच्या गाडीत तीन बदल आणि शेवटी लॉकअपचा आणखी एक सौम्य ‘बदल’ जाणवायला हवा, ज्यात आरपीएम दोन-तीनशेने खाली येते. वर म्हटलेली युक्ती येथे वापरायची. मागे वाहन नसताना सत्तरच्या स्थिर वेगाला ॲक्सिलरेटर न हलवता डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करावा, इतकाच की ब्रेकलाइट लागेल. लॉकअप सुटते आणि आरपीएम किंचित वर जाते. थरथर त्याच क्षणी थांबली, तर दोष लॉकअपचा. तशीच चालू राहिली, तर इंजिन, टायर किंवा ॲक्सलकडे वळावे.

घाटातील वर्तन वेगळे तोलावे लागते. बोरघाट किंवा कसारा चढताना चार गिअरची गाडी तिसऱ्या-चौथ्यात सारखी वरखाली करते, त्यात बिघाड नसतो. ओव्हरड्राइव्ह बंद करून चढावे, तेलही कमी तापते. पण त्याच चढावर एकाच गिअरमध्ये आरपीएम चढत जाऊन वेग घटत असेल, तर ती घसरण आहे आणि गाडी तशीच ओढत नेल्यास उरलेली अस्तरेही जळतील.

दोष एकाच गिअरमध्ये आहे की सगळ्या गिअरांत, यावर पुढचे बरेचसे निदान उभे असते. सर्वच गिअर घसरत असतील, तर सामाईक कारण शोधावे: तेल, फिल्टर, पंप, मुख्य दाब. एकच बदल बिघडला असेल, तर त्या गिअरचा क्लच, त्याचे सील किंवा त्याचा सोलेनॉइड. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कोणत्या गिअरला कोणता क्लच लागतो याचा तक्ता असतो. तो मेकॅनिककडे नसेल, तर गिअरबॉक्स त्याच्या हाती देऊ नये. अनेक जुन्या चार गिअरच्या रचनांत डायरेक्ट क्लच तिसऱ्या गिअरला लागतो तसाच रिव्हर्सलाही लागतो. म्हणून तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरत असतील आणि पहिला-दुसरा ठीक असतील, तर गिअरबॉक्स न उघडताही दोषाची जागा बऱ्यापैकी कळते. होंडाच्या गिअरबॉक्सची आतली रचना समांतर शाफ्टांची असल्याने तेथे तक्ता वेगळा पाहावा.

उभ्या गाडीवरच्या दोन चाचण्या

पहिली निरुपद्रवी आहे. तेल तापलेले, इंजिन आयडलिंगवर, ब्रेक दाबलेला. एन मधून डी निवडावे आणि गाडीने जोर धरल्याचा हलका हिसका किती वेळाने जाणवतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजावे. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये डी साठी १.२ सेकंद आणि आर साठी १.५ सेकंद ही कमाल मर्यादा दिलेली असते. मध्ये मिनिटभर थांबत तीनदा मोजून सरासरी घ्यावी. दोन्हींना उशीर होत असेल तर दाब कमी. एकाच दिशेला होत असेल तर त्या दिशेचा क्लच किंवा सील.

दुसरी स्टॉल चाचणी. चारही चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक पूर्ण दाबलेला, पुढे-मागे कोणी नाही, अशा स्थितीत डी मध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आरपीएम कुठे थांबते ते पाहायचे, जास्तीत जास्त पाच सेकंद. लहान पेट्रोल गाड्यांत ते साधारण दोन ते अडीच हजारांच्या परिसरात थांबते. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. डी आणि आर दोन्हींत आकडा जास्त आला तर दाब कमी किंवा तेल कमी, एकाच स्थितीत जास्त आला तर त्या स्थितीचा क्लच घसरतो, दोन्हींत बराच कमी आला तर इंजिन कमजोर आहे किंवा टॉर्क कन्व्हर्टरमधला एकदिशा क्लच धरत नाही. या शेवटच्या दोषात गाडी सिग्नलवरून जडपणे उठते आणि एकदा वेग घेतला की ठीक चालते. ही चाचणी तेल प्रचंड तापवते. तेल जळालेले असेल किंवा घसरण आधीच स्पष्ट असेल, तर ती करण्यात काहीही अर्थ नाही, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या पुष्कळ गाड्या ब्रेक दाबलेला असताना इंजिनाला पूर्ण रेस घेऊच देत नाहीत. घरी ती करूच नये.

वायरिंग आणि सोलेनॉइड

आतापर्यंतचा संशय विजेकडे गेला असेल, तर गिअरबॉक्सवरचा मुख्य कनेक्टर उघडून त्यात तेल, हिरवट गंज किंवा वाकलेली पिन आहे का ते पाहावे. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने कनेक्टर गंजलेले फार सापडतात. मग मल्टिमीटरने प्रत्येक सोलेनॉइडचा रोध मोजावा. गिअर बदलणारे चालू-बंद प्रकारचे सोलेनॉइड साधारण ११ ते १५ ओहम दाखवतात आणि दाब नियंत्रित करणारा लिनिअर सोलेनॉइड सुमारे पाच. हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत आणि गाडीनुसार थोडे बदलतात. एकाच जातीच्या सोलेनॉइडपैकी एखादा इतरांपेक्षा ठळक वेगळा निघाला, तर तोच पाहावा. गरम झाल्यावरच दोष येत असेल, तर मोजणीही गरम असतानाच करावी. थंड असताना ठीक वाटणारी गुंडाळी तापल्यावर तुटते. रोध बरोबर असूनही सोलेनॉइड गाळाने अडकलेला असू शकतो. तो काढून बारा व्होल्ट क्षणभर देऊन ‘टक्’ आवाज येतो का ते पाहतात. लिनिअर सोलेनॉइडला मात्र असे थेट बारा व्होल्ट देऊ नयेत.

चेंबर उघडल्यावर

चेंबरच्या तळाशी चुंबक असतात. त्यांवर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असणे लाखभर किलोमीटरनंतर अगदी नेहमीचे. टोचणारे पोलादी तुकडे, पिवळसर पितळी चुरा किंवा तळाशी काळ्या अस्तराची पुटे निघाली, तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. यापैकी काही नसेल आणि तरीही घसरण असेल, तर दाबाचा गेज लावून मुख्य दाब आयडलिंगवर आणि भाराखाली मोजून घ्यावा आणि तो मॅन्युअलशी ताडावा. दाब पुरेसा असून एकच गिअर घसरत असेल तर क्लच. दाबच कमी असेल तर फिल्टर, पंप किंवा वॉल्व्ह बॉडी.

एवढे करून गिअरबॉक्स खरोखर गेल्याचे सिद्ध झाले, तर तीन वाटा उरतात: ओव्हरहॉल, कुर्ल्यासारख्या बाजारातून आणलेला जुना गिअरबॉक्स, किंवा गाडी विकणे. ओव्हरहॉलमध्ये टॉर्क कन्व्हर्टरची दुरुस्ती आणि कूलरची साफसफाई धरलेली आहे का, हे कोटेशनमध्ये लेखी घ्यावे. जुन्या चुऱ्याने भरलेला कूलर नव्या गिअरबॉक्सचा घात करतो. बाजारातला गिअरबॉक्स घेताना त्यातले तेल पांढऱ्या टिश्यूवर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि मॉडेल क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवावा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते; ती तारीख वर्षा-दीड वर्षावर आली असेल, तर खर्चाचा निर्णय तीही धरून घ्यावा.

गाडी परत आल्यावर संगणकाची जुनी शिकवण स्कॅनरने पुसून घ्यावी, पहिले दोन-तीनशे किलोमीटर हलक्या पायाने चालवावी, आणि हजार किलोमीटरला तेलाची पातळी आपल्या कंपनीच्या रीतीने पुन्हा तपासून त्याच वहीत तारखेसह लिहून ठेवावी.